जांभ्याचे घर

कोकण व गोव्यात जांभा या लोहयुक्त, सच्छिद्र दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेले घर. खाणीतून काढताना जांभा मऊ असल्याने सहज तासता येतो. हवा लागली की टणक होतो. म्हणून चिरे काही काळ उघड्यावर ठेवून मगच बांधकामाला घेणे चांगले. उंच जोते, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर ही जुनी मांडणी. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यावर गवत व नळीच्या कौलांऐवजी हळूहळू मंगलोरी कौले आली. पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना फुटकी कौले बदलतात, वाशांना वाळवी लागली आहे का तेही पाहतात. दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा देण्याची हौस मात्र महागात पडते: भिंतीतली ओल आत कोंडते. चुन्याचा गिलावा बरा. घर उतरवले तरी धड चिरे नव्या बांधकामाला चालतात.