शस्त्रधारणाची वयोमर्यादा : इ. स. १८७८ ते १९८३

इ. स. १९८३ सालीं भारताच्या शस्त्रकायद्यांत दुरुस्ती होऊन बंदूक बाळगण्याची किमान वयोमर्यादा सोळा वर्षांवरून एकवीस वर्षांवर नेण्यांत आली. ही दुरुस्ती म्हणजे लॉर्ड लिटनच्या निःशस्त्रीकरणाचाच पुढचा हप्ता होय, असा आक्षेप घेतां येण्याजोगा आहे. त्याची छाननी येथें करावयाची आहे.

इ. स. १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र त्यांतून सूट होती. अर्थात् अपात्रता वयाची किंवा वर्तनाची नसून वर्णाची होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनीं हा उघड भेद दूर झाला, तरी परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवरच राहिला. म्हणूनच इ. स. १९३१ च्या कराची काँग्रेसनें, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला. पुढें डिसेंबर १९४८ मध्यें ह. वि. कामत यांनीं तोच हक्क घटनासमितीपुढें मांडिला, परंतु डॉ. आंबेडकरांनीं त्यास विरोध केला व ती सूचना नामंजूर झाली.

इ. स. १९५९ च्या कायद्याच्या नवव्या कलमानें सोळा वर्षांखालील व्यक्तीस बंदूक व दारूगोळा मिळविण्यास आणि बाळगण्यास मनाई केली. अशा व्यक्तीस जाणूनबुजून विकणारासही तीच मनाई होती. यांत एक विसंगति होती. इ. स. १८७५ च्या कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मनुष्य अज्ञान. त्यास स्वतःची जमीन विकतां येत नसे, पण परवाना मिळाल्यास बंदूक बाळगतां येई! ता. २२ जून १९८३ पासून ही विसंगति संपली. त्याच दुरुस्तीनें दरमाणशीं बंदुका तीनवर आणिल्या, इ. स. २०१९ मध्यें त्या दोन झाल्या. इ. स. १९८३ मध्यें मतदानाचें वयही एकवीसच होतें. इ. स. १९८९ मध्यें तें अठरावर आलें. शस्त्राचें मात्र जेथल्या तेथें राहिलें. नेमबाजी शिकणाऱ्यांकरितां कमी वयाची सोय त्याच कलमांत आहे.

वर्णाची आडकाठी जन्मभराची असते. वयाची सर्वांस सारखी असून कालानें आपोआप सरते. तेव्हां या दोहोंस एका माळेंत ओंवणें सयुक्तिक नाहीं. एकविसावें वर्ष उलटल्यावरही परवान्याचा निर्णय अधिकाऱ्याकडेच असतो. लिटनचा वारसा शोधावयाचा तर तो तेथें शोधावा, वयाच्या अटींत नव्हे.