चार प्रक्रियकांचा आरंभ

एका गड्याला दहा दिवस लागणारे काम दहा गडी एका दिवसात उरकतील, हे व्यस्त त्रैराशिक आपण शाळेत सोडविले आहे. गणकयंत्रांच्या जगात मात्र ते क्वचितच खरे ठरते. हैदराबादेतील एक उद्योग या दृष्टीने उद्बोधक आहे.

संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या 'अनुराग' या तेथील प्रयोगशाळेने १९८८ साली 'पेस' हे समांतर गणकयंत्र उभारण्यास आरंभ केला. विमानाभोवती वाहणाऱ्या हवेचे गणित करणे, हा त्याचा हेतू. त्यासाठी अवकाशाचे कप्पे पाडून ते निरनिराळ्या प्रक्रियकांकडे सोपवावयाचे. परंतु शेजारच्या कप्प्यातील दाब कळल्यावाचून आपल्या कप्प्याचे उत्तर निघत नाही. म्हणून सीमेवरचे आकडे परस्परांस कळविणे भाग पडते. पहिला नमुना अवघ्या चार प्रक्रियकांचा होता. १२८ ची मजल पुढची.

आज अशी विभागणी एकाच आज्ञावलीच्या पोटात होते. एकाच वेळी चालणाऱ्या तिच्या कार्यप्रवाहांना 'थ्रेड', म्हणजे धागे, म्हणतात. 'पेस'चे प्रक्रियक परस्परांस निरोप धाडीत; धाग्यांची स्मृती मात्र सामाईक असते, आणि धोका तेथेच आहे. समजा, खात्यात ५०० रुपये आहेत. एका धाग्यास १०० जमा करावयाचे आहेत, दुसऱ्यास २००. दोघांनीही ५०० हाच आकडा वाचला. पहिल्याने ६०० लिहिले, दुसऱ्याने ते पुसून ७००. शंभर रुपये नाहीसे झाले! पुन्हा चालवून पाहावे, तर हिशेब चोख.

एका वेळी एकानेच आत जावे, हा नियम कसा पाळावा, याची उकल डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली मांडली. तरीही १९८५ ते १९८७ या काळात 'थेरॅक-२५' या किरणोपचार यंत्राने अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना अतिरेकी मात्रा दिली; काही दगावले. समवर्ती कामांचा असाच घोटाळा त्यामागील एक कारण होता.

म्हणून नवशिक्याने प्रथम एकाच धाग्याने बिनचूक उत्तर काढावे. वेळ कोठे जातो, हे मोजावे. मग परस्परांवर न विसंबणारे काम दोन धाग्यांत वाटावे आणि जे सामाईक उरेल त्यास कुलूप घालावे. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली दाखविल्याप्रमाणे, कामाचा दहावा हिस्सा जरी क्रमानेच करावा लागत असला, तरी हजार धाग्यांनीही वेग दहापटीपलीकडे जात नाही. गडी वाढविण्यापूर्वी काम नीट वाटता येते की नाही, हे पाहिलेले बरे.