पाटणचा मठ आणि एक दशअंकी संख्या

खानदेशच्या सांस्कृतिक इतिहासात भास्कराचार्यांचा उल्लेख गौरवाने होतो. परंतु त्यांच्या गणिताचा प्रत्यक्ष परामर्श क्वचितच घेतला जातो. प्रस्तुत लेखात १,७६,६३,१९,०४९ या एकाच संख्येच्या आधारे तो घेण्याचा प्रयत्न केला आहे.

ज्या वर्गसंख्येतून दुसऱ्या वर्गाची ६१ पट वजा केली असता नेमका १ उरतो, अशा पूर्णांकांची जोडी शोधणे हा प्रश्न भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात सोडविला आहे. ६१ च्या जागी ६० घेतल्यास ३१ व ४, आणि ६२ घेतल्यास ६३ व ८ ही उत्तरे सहज मिळतात. ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर १,७६,६३,१९,०४९ व २२,६१,५३,९८० असे आहे. शंभरपर्यंतच्या कोणत्याही संख्येसाठी एवढे मोठे लघुतम उत्तर येत नाही.

असे उत्तर चाचपडून मिळणे शक्य नाही. ते पद्धतीनेच मिळते. ८ च्या वर्गातून ६१ वजा केल्यास ३ उरतात. चक्रवाल पद्धतीच्या एकाच आवर्तनाने ३९ व ५ ही जोडी मिळते आणि बाकी उणे ४ येते. पुढे ब्रह्मगुप्ताच्या (इ.स. ६२८) भावना-नियमाने २९,७१८ व ३,८०५ येतात, येथे बाकी उणे १ असते. त्याच जोडीची स्वतःशी भावना केली की इष्ट उत्तर हाती येते. म्हणूनच या संख्येतून १ वजा केल्यास २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते, तर १ मिळविल्यास ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. शिवाय या जोडीचा भागाकार ६१ च्या वर्गमुळाशी दशांशचिन्हापुढील सतरा स्थळांपर्यंत जुळतो.

चक्रवालाचे मूळ श्रेय भास्कराचार्यांचे नव्हे. जयदेवाची तत्सम पद्धती त्यांच्यापूर्वीची आहे. फर्माने १६५७ मध्ये ६१ चेच उदाहरण युरोपात मांडले. पुढे ऑयलरच्या गैरसमजामुळे या समीकरणाला पेल याचे नाव चिकटले.

या ज्ञानाच्या जतनाचा पुरावा चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेखात (इ.स. १२०७) आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. यादव नृपती सिंघणाचा ज्योतिषी व भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने ‘सिद्धांतशिरोमणि’ आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोईदेवाने त्यास दान दिले, असे त्यावरून कळते. लेखाच्या अखेरच्या मराठी भागात बाजारात येणाऱ्या मालावरील राजाचे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद आहे. प्रस्तुत संख्येचा उल्लेख शिलालेखात नाही. तथापि जेथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जात, तेथे हे उदाहरणही अभ्यासिले गेले असावे, हा तर्क सयुक्तिक ठरतो.

तात्पर्य, विद्येचे सातत्य केवळ एका व्यक्तीच्या प्रतिभेवर अवलंबून नव्हते. अध्यापनाची व्यवस्था आणि तिचा खर्च उचलणारी बाजारपेठ यांचाही त्यात वाटा होता. सावदा व पाटण ही जळगाव जिल्ह्याच्या दोन टोकांवरील गावे. येथील महाविद्यालयांत पेलचे समीकरण शिकविताना हे उदाहरण फळ्यावर पूर्ण सोडवून दाखविले आणि इतिहासाच्या तासाला तो शिलालेख वाचला, तर भास्कराचार्यांचा गौरव केवळ नामोच्चारापुरता उरणार नाही.