फुलं बाईच्या हातची, सातबारा कोणाचा?

मेहरूणजवळचा मळा असो की सातपुड्याच्या पायथ्याचं शेत, झेंडूची निंदणी-तोडणी बायांच्याच हातची. रोप 25-30 दिवसांत लावणीला येतं, पुढे दोनेक महिन्यांत फुलं. म्हणजे दसऱ्याला तोडा हवा तर लावणी श्रावणात उरकावी. महिनाभराने शेंडा खुडला की फांद्या फुटतात, फुलं वाढतात.

एवढं करून अनुदानाची वेळ आली की बाई मागे. महाडीबीटीवरचा अर्ज जमिनीच्या नोंदीवर चालतो, तिथे नाव नवऱ्याचं, खातंही त्याचंच.

यावर उपाय जुनाच आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली. 1992 मध्ये सरकारने ती योजना म्हणून आणली. नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीत, त्याच्या संमतीने, बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. खरेदीखत करावं लागत नाही. अर्ज तहसीलदारांच्या नावे द्यायचा, सातबाऱ्यावरची नोंद तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. अडतं ते नवऱ्याच्या सहीपाशी.

तोवर बियाणं, खतासाठी बचत गट आहेच. गटाला 20 लाखांपर्यंतचं बँक कर्ज विनातारण मिळतं, त्यासाठी जमीन नावावर लागत नाही.