घरगुती ‘आरओ’चे टाकाऊ पाणी कमी कसे करता येते?

घरगुती ‘आरओ’ यंत्रातून एक लिटर पिण्याचे पाणी मिळवताना अनेकदा त्याच्या दोन-तीन पट पाणी मोरीत वाहून जाते. हा यंत्रातील बिघाड नसून त्या पद्धतीचाच भाग आहे. मात्र, योग्य निवड आणि नियमित देखभाल यांमुळे हे प्रमाण बरेच खाली आणता येते.

‘आरओ’ म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस. या प्रक्रियेत पाणी दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून ढकलले जाते. पाणी पलीकडे जाते आणि विरघळलेले बहुतांश क्षार अलीकडे राहतात. हे क्षार मेम्ब्रेनवर साचू नयेत, म्हणून पाण्याचा काही भाग ते सतत धुऊन बाहेर नेतो. हेच टाकाऊ पाणी होय.

पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज २० लिटर शुद्ध पाणी लागणाऱ्या कुटुंबाच्या यंत्रात २५ टक्केच पाणी शुद्ध होत असेल, तर दररोज ६० लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे १,८०० लिटर पाणी बाहेर पडते. हेच प्रमाण ६० टक्के असल्यास महिन्याचे टाकाऊ पाणी सुमारे ४०० लिटरवर येते. राष्ट्रीय हरित लवादाने २० मे २०१९ रोजीच्या आदेशात ‘आरओ’ला जेथे परवानगी असेल तेथे ६० टक्क्यांहून अधिक पाणी परत मिळावे आणि पुढे हे प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत न्यावे, असे निर्देश दिले होते. पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे ‘टीडीएस’, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास ‘आरओ’ वापरण्यास मनाई करावी, असेही त्यात म्हटले होते. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रणांच्या वापराबाबतचे नियम केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित केले.

त्यामुळे पहिला प्रश्न यंत्राचा नव्हे, तर पाण्याचा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसल्यास ही मर्यादा २,००० मिलिग्रॅम आहे. मुंबईसारख्या तलावांच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या शहरात क्षार मुळातच कमी असतात. तेथे जंतूंसाठी ‘यूव्ही’ किंवा ‘यूएफ’ यंत्र सहसा पुरेसे ठरते आणि त्यातून टाकाऊ पाण्याची अशी सततची धार निघत नाही. मात्र, टीडीएस मीटर आर्सेनिक, फ्लोराईड किंवा जंतू वेगळे दाखवत नाही. विंधन विहिरीचे पाणी असल्यास प्रयोगशाळेत तपासणी केल्यावरच निर्णय घेणे योग्य.

‘आरओ’ आवश्यकच असेल, तर दोन्ही नळ्यांखाली भांडी ठेवून ठरावीक वेळेत किती शुद्ध आणि किती टाकाऊ पाणी जमते, हे मोजावे. गाळ आणि कार्बनचे फिल्टर तुंबल्यास दाब घटतो, शुद्ध पाणी कमी मिळते आणि वाया जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते. म्हणून ते वेळेवर बदलावेत. साठवण टाकी भरल्यानंतरही टाकाऊ पाण्याची धार सुरू राहिली, तर पाणी आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. टाकाऊ पाण्याच्या वाटेवरील फ्लो रिस्ट्रिक्टर मेम्ब्रेनच्या क्षमतेला अनुरूप असावा. पाणी वाचवण्यासाठी तो प्रमाणाबाहेर आवळल्यास मेम्ब्रेनवर क्षारांचा थर बसून ती लवकर निकामी होते.

उरलेले पाणी बादलीत साठवून फरशी पुसणे, शौचालय स्वच्छ करणे किंवा मोरी धुणे यांसाठी वापरता येते. ते पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी वापरू नये. झाडांसाठी वापरताना सावधगिरी हवी, कारण टाकाऊ पाणी जितके कमी, तितके ते खारट. मूळ पाण्याचा टीडीएस ६०० असल्यास २५ टक्के शुद्ध पाणी देणाऱ्या यंत्राच्या टाकाऊ पाण्यात तो सुमारे ८०० असतो; ६० टक्क्यांवर तो १,५०० च्या जवळ, तर ७५ टक्क्यांवर सुमारे २,४०० पर्यंत जातो. असे पाणी वारंवार घातल्यास कुंड्यांतील मातीत क्षार साचतात.

पुनर्वापरामुळे पाण्याची नासाडी कमी होत असली, तरी पाण्यात क्षार कमी असलेल्या घरांत ‘आरओ’ न बसवणे हाच सर्वाधिक बचतीचा उपाय ठरतो.