एस्टोनिया : आर्थिक पुनर्रचना (१९८७–२०११)

बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेल्या आणि जेमतेम पंधरा लाख लोकसंख्या असलेल्या एस्टोनियाने सोव्हिएत संघातून बाहेर पडताना केंद्रनियोजित व्यवस्था मोडून स्वतःचे चलन, खुला व्यापार आणि खासगी मालकी यांवर उभारलेली अर्थव्यवस्था या नोंदीत अभिप्रेत आहे. हा देश १९४० मध्ये सोव्हिएत संघात सामील करून घेण्यात आला आणि ऑगस्ट १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. मात्र आर्थिक स्वायत्ततेची मागणी त्याआधीच पुढे आली होती. सीम काल्लास, एड्गार साविसार, टीट माडे आणि मिक टिट्मा या चौघांनी २६ सप्टेंबर १९८७ रोजी टार्टू येथील ‘एडासी’ या वृत्तपत्रात ‘स्वावलंबी एस्टोनिया’ची योजना मांडली. तिच्या एस्टोनियन नावातील आद्याक्षरांपासून होणाऱ्या ‘इमे’ या शब्दाचा त्या भाषेतील अर्थ ‘चमत्कार’ असा असल्याने मॉस्कोला न रुचणारी ही योजना लोकांच्या तोंडी सहज बसली.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला हिवाळा इंधनटंचाईचा आणि शिधापत्रिकांचा होता, आणि त्यातच जानेवारी १९९२ मध्ये, एव्हाना पंतप्रधान झालेल्या साविसार यांचे सरकार गेले. रशियाने किमतींवरील नियंत्रणे उठवली होती, परंतु चलन रूबलच राहिल्यामुळे तिकडची महागाई थेट एस्टोनियात उतरत होती आणि त्या वर्षी भाववाढ हजार टक्क्यांच्या वर गेली. घाई न करता रूबल क्षेत्रात राहावे, असे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे सुरुवातीचे मत होते. एस्टोनियाने ते मानले नाही आणि २० जून १९९२ रोजी ‘क्रोन’ हे स्वतःचे चलन आणले. माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांत रूबल पूर्णपणे सोडणारा तो पहिला देश ठरला. नोंदणीकृत प्रत्येक रहिवाशाला तीन दिवसांत १,५०० रूबलपर्यंतची रोकड दहास एक या दराने बदलून घेता आली. म्हणजे सर्वांच्या हाती मूठभर १५० क्रोन आले. त्यापुढच्या रोकडीला पन्नासास एक असा दर असल्याने गादीखाली दडवलेल्या नोटांचे मोल एका फटक्यात घटले. पाच क्रोनच्या नोटेवर बुद्धिबळपटू पाउल केरेस यांचे चित्र होते. राष्ट्रीय चलनावर बुद्धिबळपटूला स्थान देणारे देश विरळाच.

क्रोनचा आधार म्हणजे चलनमंडळाची पद्धत. या पद्धतीत चलनात असलेल्या देशी नाण्या-नोटांना पूर्णपणे पुरेल एवढे सोने किंवा परकीय चलन राखून ठेवावे लागते, आणि ठरावीक दराने ते बदलून देण्यास मध्यवर्ती बँक बांधील असते. आठ क्रोनला एक जर्मन मार्क असा दर कायद्याने बांधला गेला आणि अवमूल्यनाचा अधिकार मध्यवर्ती बँकेकडे ठेवलाच नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी परदेशी बँकांत ठेवलेले सुमारे अकरा टन सोने या राखीव निधीच्या कामी आले. ते हाती येईपर्यंत सरकारी जंगलाचा काही भागही तारण म्हणून मध्यवर्ती बँकेच्या नावे करण्यात आला होता. तूट भरून काढण्यासाठी नोटा छापण्याचा मार्ग सरकारने अशा रीतीने स्वतःच बंद केला. पुढे मंत्रिमंडळे वारंवार बदलली तरी धोरणाची दिशा टिकली, याचे श्रेय कोणा एका नेत्यापेक्षा या बंधनाला अधिक जाते.

ऑक्टोबर १९९२ मध्ये पंतप्रधान झालेले मार्ट लार व्यवसायाने इतिहासकार होते आणि त्यांचे वय अवघे ३२ होते. त्यांच्या काळात आयातशुल्क जवळजवळ पूर्णपणे काढून टाकले गेले आणि १९९४ पासून व्यक्तिगत उत्पन्नावर २६ टक्के असा एकसमान दर लागू झाला. उत्पन्न वाढले तरी कराचा दर चढत नाही, अशी ही पद्धत आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये तीन मोठ्या बँका अडचणीत आल्या असता दोघींचा पैसा मॉस्कोत गोठलेला असल्याने त्यांचे विलीनीकरण करण्यात आले, तर टार्टू कमर्शियल बँक मात्र बुडू दिली गेली. ठेवीदारांचा संताप ओढवून घेऊनही सरकार मदतीला धावले नाही, हा इशारा उरलेल्या बँकांना पुरेसा होता. सप्टेंबर १९९४ मध्ये, चलनबदलात जमा झालेल्या रूबलांच्या विक्रीचे प्रकरण उघडकीस आल्यावर, लार अविश्वास ठरावात पराभूत झाले.

खासगीकरणात जर्मनीच्या ‘ट्रॉयहांड’ या संस्थेचा नमुना घेऊन मोठे कारखाने आंतरराष्ट्रीय निविदा काढून विकले गेले आणि बोलीबरोबरच गुंतवणुकीची व रोजगाराची हमीही तोलली गेली. नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने नागरिकांना व अन्य रहिवाशांना मिळालेली व्हाउचरे, ज्यांना त्यांच्या रंगावरून ‘पिवळी कार्डे’ म्हणत, बहुतेकांनी राहते घर नावावर करून घेण्यासाठी वापरली. गरजूंनी ती स्वस्तात विकली. १९४० पूर्वीच्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना जमिनी व घरे परत देण्याच्या धोरणामुळे मात्र त्या घरांत दशकानुदशके राहणारी कुटुंबे एकाएकी परक्या मालकाची भाडेकरू झाली. सामूहिक शेते विसर्जित झाल्यावर खेड्यांतील रोजगार ओसरला, तो पुन्हा भरून आला नाही.

सुधारणांच्या वेगाचे कौतुक करणाऱ्या लेखनात एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. युद्धपूर्व नागरिक व त्यांचे वंशज यांनाच आपोआप नागरिकत्व मिळाल्यामुळे सोव्हिएत काळात स्थलांतरित झालेले, बहुतांशी रशियन भाषक, म्हणजे सुमारे एक तृतीयांश रहिवासी सप्टेंबर १९९२ च्या निवडणुकीत मतदार नव्हते. अवजड उद्योगांतील कामगारांत त्यांचेच प्रमाण मोठे होते आणि बंद पडणाऱ्या कारखान्यांची झळही त्यांनाच अधिक बसली. त्यांना क्रोन मिळाला, पण मत मिळाले नाही. इतक्या कठोर सुधारणा इतक्या लवकर रेटता आल्या त्यामागे हेही एक कारण होते.

१९८९ नंतरच्या पाच वर्षांत राष्ट्रीय उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने घटले. १९९५ पासून ते सावरू लागले. व्यापार रशियाकडून फिनलंड व स्वीडनकडे वळला आणि बँकिंग क्षेत्र बहुतांशी स्वीडिश मालकीचे झाले. २००० पासून कंपन्यांच्या पुन्हा गुंतवलेल्या नफ्यावरील कर रद्द झाला, तो केवळ वाटलेल्या नफ्यावर राहिला. देश मे २००४ मध्ये युरोपीय संघात दाखल झाला आणि त्यानंतर स्वस्त कर्जाच्या जोरावर घरांच्या किमती फुगल्या. २००९ मध्ये उत्पादन सुमारे १४ टक्क्यांनी कोसळले, तेव्हाही अवमूल्यन न करता सरकारने वेतनकपात केली आणि विक्रीवरील मूल्यवर्धित कर १८ वरून २० टक्के केला. २०१० च्या आरंभी बेरोजगारी २० टक्क्यांच्या जवळ पोहोचली. १ जानेवारी २०११ रोजी १५.६४६६ क्रोनला एक युरो या दराने क्रोन निवृत्त झाला. रशियाच्या सीमेवरील नार्वा येथे १८५७ मध्ये स्थापन झालेली, एकेकाळी हजारो कामगारांचे पोट भरणारी आणि खासगीकरणात स्वीडिश कंपनीकडे गेलेली क्रेनहोल्म कापडगिरणी आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, दिवाळखोरीत निघाली होती.