चिंचवड ते आसेन : एका भारतीय रेसिंग संघाची सात वर्षे

पुण्याच्या औद्योगिक इतिहासात दुचाकीला जे मानाचे स्थान आहे, ते दुचाकीच्या शर्यतींना कधीच मिळाले नाही. आकुर्डीची बजाज ऑटो आणि पुण्याच्या फिरोदिया घराण्याची कायनेटिक या कंपन्यांनी देशातील मध्यमवर्गाला स्कूटर आणि मोपेडवर बसवले, पिंपरी, चिंचवड आणि भोसरीच्या परिसरात सुटे भाग घडवणाऱ्या लहान कारखान्यांचे दाट जाळे विणले गेले, तरीही रोड रेसिंगचा, म्हणजे डांबरी आणि बंदिस्त वळणमार्गावर होणाऱ्या वेगाच्या शर्यतींचा, भारतीय इतिहास मुख्यतः दक्षिणेत घडला. चेन्नईजवळच्या शोलावरमची जुनी विमानधावपट्टी, त्यानंतर १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे सुरू झालेला मार्ग आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे ही त्या इतिहासाची मुख्य ठिकाणे होत, आणि होसूरच्या टीव्हीएस कंपनीने तर १९८२ मध्येच स्वतःच्या कारखान्याचा रेसिंग संघ उभा केला होता. पुण्याच्या दुचाकी उद्योगाशी नाळ जुळलेला संघ जागतिक अजिंक्यपद मालिकेत उतरला तो थेट २०११ मध्ये, आणि तोही स्थानिक शर्यतींची एकेक पायरी चढत नव्हे, तर दोन खरेदीव्यवहारांच्या वाटेने. महिंद्रा रेसिंग या संघाची सात हंगामांची कारकीर्द निकालांच्या तक्त्यांतून वाचता येते, परंतु तिचा आरंभ आणि शेवट समजून घ्यायचा, तर दुचाकीच्या बाजाराकडेच पाहावे लागते.

कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली ल्युना ही ५० सीसीची मोपेड होती. मोपेड म्हणजे लहान इंजिन असलेली, पण प्रसंगी सायकलसारखे पायडल मारूनही हाकता येणारी गाडी. १९८४ मध्ये याच घराण्याने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि त्यातून आलेल्या कायनेटिक होंडाने गिअर नसलेली, बटन दाबताच सुरू होणारी स्कूटर भारतीय रस्त्यांवर रूढ केली. १९९८ मध्ये होंडा या भागीदारीतून बाहेर पडली, मोटारसायकलींनी स्कूटरची बाजारपेठ गिळायला सुरुवात केली, आणि पुढील दहा वर्षांत कायनेटिकची दुचाकी शाखा क्षीण होत गेली. जुलै २००८ मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहाने कायनेटिक मोटर कंपनीचा व्यवसाय ११० कोटी रुपयांना घेतला. मध्य प्रदेशातील पीथमपूरचा कारखाना त्यासोबत आला आणि महिंद्रा टू व्हीलर्स या नव्या कंपनीचे संशोधन केंद्र चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत वसले. ट्रॅक्टर आणि जीप या वाहनांवर नाव कमावलेल्या समूहाच्या दृष्टीने दुचाकी हे परके क्षेत्र होते, आणि परक्या क्षेत्रात ओळख लवकर मिळवण्याचा जो मार्ग समूहाने पत्करला, तो अभिमानास्पद असला तरी सरळ नव्हता.

त्याच वर्षी महिंद्राने इटलीतील बोलोन्याजवळची एंजिन्स एंजिनिअरिंग ही आरेखन-संस्थाही आपल्याकडे घेतली. इतर कंपन्यांसाठी दुचाकी आखून देणे, हा या संस्थेचा मूळ व्यवसाय होता आणि शर्यतीच्या गाड्यांचाही तिला अनुभव होता, त्यामुळे स्कूटर बनवण्यासाठी घेतलेल्या या संस्थेतूनच ग्राँ प्री या जागतिक मालिकेचा दरवाजा उघडला. जागतिक मालिकेत संघ आणि निर्माता या दोन वेगळ्या भूमिका असतात: संघ स्वार, यांत्रिक आणि प्रवासखर्च सांभाळतो, तर निर्माता गाडी घडवतो आणि त्याच्या गाड्यांना मिळालेल्या गुणांची स्वतंत्र नोंद होते. २०११ मध्ये १२५ सीसी गटात उतरलेल्या महिंद्राने या दोन्ही भूमिका घेतल्या आणि ग्राँ प्री मालिकेतील पहिला भारतीय निर्माता, असा मान मिळवला. ब्रिटनचा डॅनी वेब आणि जर्मनीचा मार्सेल श्र्योटर हे तिचे पहिले स्वार होते. चेन्नईचा सरथ कुमार त्याच वर्षी, त्याच गटात टेन-१० रेसिंग या संघाशी जोडलेल्या चमूतून धावला, पण तो महिंद्राच्या गाडीवर नव्हता, आणि महिंद्राच्या संघातून पूर्ण हंगाम कोणीही भारतीय स्वार कधीच धावला नाही, ही गोष्ट या इतिहासात सतत खटकत राहते.

१२५ सीसीचा गट दोन-स्ट्रोक इंजिनांचा होता आणि २०११ हे त्याचे अखेरचे वर्ष होते. व्हॅलेन्सिया येथे झालेल्या या गटाच्या अगदी शेवटच्या शर्यतीत वेबने पोल पोझिशन, म्हणजे पात्रता फेरीतील सर्वोत्तम वेळेमुळे मिळणारे सुरुवातीच्या रांगेतील पहिले स्थान, महिंद्राला मिळवून दिले. पदार्पणाच्या वर्षातील हे यश मोठेच होते, मात्र ज्या प्रकारच्या यंत्रावर ते मिळाले, ते यंत्रच दुसऱ्या दिवशी कालबाह्य होणार होते.

२०१२ पासून १२५ सीसीच्या जागी मोटो-३ हा नवा गट आला. त्यात २५० सीसीचे, एका सिलिंडरचे, चार-स्ट्रोक इंजिन बंधनकारक होते. चार-स्ट्रोक म्हणजे ज्यात दट्ट्याच्या चार फेऱ्यांत मिळून एकदाच स्फोट होतो असे इंजिन. सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटरपेक्षा अधिक नको आणि इंजिनाची गती मिनिटाला १४,००० फेऱ्यांच्या वर नको, असे आरंभीचे नियम होते. या दोन आकड्यांत अभियंत्याची सारी कोंडी सामावलेली होती: ८१ मिलिमीटर व्यास घेतला, की २५० सीसी भरण्यासाठी दट्ट्याचा पल्ला साधारण ४८.५ मिलिमीटर ठरतो, आणि १४,००० फेऱ्यांना तो दट्ट्या सेकंदाला २३३ वेळा वर-खाली जातो, म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेबावीस मीटरच्या पुढे जातो. सर्वांना एकच मर्यादा घातल्यावर उरलेला फरक झडपांची ठेवण, हवेचा मार्ग, इंधनाची फवारणी आणि घर्षण अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या तपशिलांत शोधावा लागतो, आणि त्यासाठी अनेक वर्षांचा साचलेला अनुभव लागतो. होंडा आणि ऑस्ट्रियाची केटीएम यांच्यापाशी तो होता, तर महिंद्राचे इटलीत बनवून घेतलेले पहिले मोटो-३ इंजिन त्यांच्यापुढे इतके फिके पडले, की पहिल्या पंधरांत येऊन गुण मिळवणेही दुष्कर झाले. हंगाम संपण्यापूर्वीच श्र्योटर संघ सोडून गेला.

येथे समूहाने माघार घेतली असती, तर कोणी नवल केले नसते. त्याऐवजी २०१३ साठी स्वित्झर्लंडच्या सुटर या रेसिंग-अभियांत्रिकी संस्थेकडे इंजिन आणि सांगाडा दोन्ही नव्याने सोपवले गेले. पोर्तुगालचा अठरा वर्षांचा मिगेल ऑलिव्हेरा आणि स्पेनचा एफ्रेन वास्केस हे नवे स्वार आले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये मलेशियातील सेपांग येथे ऑलिव्हेराने तिसरे स्थान मिळवून महिंद्राला पहिल्यांदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, उभे केले. पुढच्या वर्षी हीच गाडी इतर संघांनाही देण्यात आली आणि जर्मनीतील साक्सेनरिंगवर दक्षिण आफ्रिकेच्या ब्रॅड बाइंडरने अँब्रोजिओ संघाच्या महिंद्रावर दुसरे स्थान पटकावले. स्वतःच्या संघापेक्षा गिऱ्हाईक-संघाचा निकाल सरस यावा, यात एक सूचना होती आणि कंपनीने ती ओळखली. २०१५ पासून तिने स्वतःचा संघ बंद करून केवळ निर्मात्याची भूमिका ठेवली. स्पेनचे माजी जगज्जेते होर्हे मार्तिनेस 'आस्पार' यांचा संघ अधिकृत प्रतिनिधी झाला आणि गाड्यांच्या विकासाचे काम इटलीतील बेसोत्सो या गावी एकवटले. त्याच वर्षी महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो मोटोसिकल्समध्ये ५१ टक्के भागभांडवल घेतले, त्यामुळे २०१६ मध्ये तीच गाडी टाकीवर प्यूजोचे नाव लावूनही धावू लागली.

२०१६ हा या इतिहासाचा कळस. २६ जून रोजी हॉलंडमधील आसेन येथे, तोवर शनिवारीच होत आलेल्या शर्यतीच्या पहिल्या रविवारी, एकोणीस वर्षांचा इटालियन स्वार फ्रान्चेस्को बन्याया आस्पारच्या महिंद्रावर पहिला आला आणि भारतीय निर्मात्याच्या गाडीने प्रथमच ग्राँ प्री जिंकली. मोटो-३ च्या शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या विजयाचे मोल वेगळे सांगायला नको. शक्ती जवळपास सारखीच असल्याने पंधरा-वीस गाड्या एकाच घोळक्यात धावतात, पुढच्या गाडीने फाडलेल्या हवेच्या आडोशाला राहून मागचा स्वार सरळ पट्ट्यावर वेग साठवतो आणि वळण येण्याआधी बाहेर पडून पुढे जातो. अशा वेळी शेवटच्या फेरीत आघाडीवर असणे, हा कित्येकदा तोटाच ठरतो. ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या काळापासून नावाजलेल्या ब्रनो मार्गावर पावसात प्यूजोवरील जॉन मॅकफी पहिला आणि महिंद्रावरील होर्हे मार्टिन दुसरा आला, म्हणजे नावे दोन असली तरी पहिली दोन स्थाने एकाच यंत्राकडे गेली. ३० ऑक्टोबरला सेपांगही बन्यायाने जिंकले आणि १४५ गुणांसह तो हंगामाच्या क्रमवारीत चौथा आला.

या यशाचा हिशेब दुकानात मात्र जुळत नव्हता. शर्यतीत २५० सीसीची नाजूक, महागडी यंत्रे धावत होती, आणि त्याच वर्षांत महिंद्राच्या दालनात रोडिओ, ड्यूरो, गस्टो या स्कूटर आणि सेंच्युरो ही साधी प्रवासी मोटारसायकल उभी होती. शर्यत पाहून भारावलेल्या तरुणाला घरी नेता येईल, असे त्या दालनात काहीच नव्हते. २०१० मध्ये दाखवलेली मोजो ही मोठी मोटारसायकल विक्रीला आली ती २०१५ मध्ये, आणि लांबच्या प्रवासासाठी घडवलेल्या त्या २९५ सीसीच्या भारदस्त गाडीचे शर्यतीच्या गाडीशी दिसण्यातही साम्य नव्हते. रेसिंगवरचा खर्च कंपन्या जाहिरात म्हणून आणि प्रयोगशाळा म्हणून करतात. महिंद्राच्या बाबतीत प्रयोगशाळा इटली-स्वित्झर्लंडमध्ये राहिली आणि जाहिरात ज्या मालाची व्हायची, तो माल तयारच नव्हता. चिंचवडच्या अभियंत्यांच्या कुवतीचा हा प्रश्न नव्हता. शर्यतीत शिकलेले ज्ञान कारखान्यापर्यंत आणणारी साखळीच कधी पुरी जोडली गेली नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. ऑक्टोबर २०१६ मध्ये समूहाने क्लासिक लेजंड्स या कंपनीमार्फत जावा आणि बीएसए या जुन्या नावांकडे मोर्चा वळवला, म्हणजे वेगाऐवजी आठवणी विकण्याचे ठरवले, आणि पीथमपूरच्या ज्या कारखान्यात पूर्वी स्कूटर बनत, तेथून २०१८ नंतर नव्या जावा बाहेर पडू लागल्या. विद्युत मोटारींच्या फॉर्म्युला-ई मालिकेत समूह २०१४ पासून होताच. तिकडेच लक्ष द्यायचे ठरवून २०१७ च्या अखेरीस मोटो-३ मधून निवृत्ती घेण्यात आली. त्या उतरत्या हंगामात, १५ ऑक्टोबर २०१७ रोजी, जपानमधील मोतेगी येथे मार्को बेत्सेक्की या अठरा वर्षांच्या स्वाराने महिंद्रावर तिसरे स्थान मिळवले.

महिंद्राने घडवलेली यंत्रे विस्मरणात गेली, स्वार मात्र नाही. बन्याया २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपी या सर्वोच्च गटाचा जगज्जेता झाला, २०२४ मध्ये तोच मान मार्टिनला मिळाला, आणि ऑलिव्हेरा, बाइंडर व बेत्सेक्की यांनीही त्या गटातील शर्यती जिंकल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेव्हा बेत्सेक्की पहिला आणि मार्टिन दुसरा आला. दोघेही इटलीच्या डुकाटीवर होते.

याच काळात आकुर्डीने दुसरी वाट धरली होती. बजाज ऑटोने नोव्हेंबर २००७ मध्ये केटीएमचे १४.५ टक्के भागभांडवल घेतले आणि पुढील काही वर्षांत तो हिस्सा जवळपास ४८ टक्क्यांवर नेला. बजाजने स्वतःच्या नावाचा संघ काढला नाही. तिने चाकणच्या कारखान्यात ड्यूक आणि पुढे आरसी या मालिकेतील लहान केटीएम बनवल्या, आणि युरोपात शर्यती जिंकणाऱ्या केशरी गाडीचे धाकटे भावंड पुण्यातील महाविद्यालयाच्या फाटकाशी उभे दिसू लागले. मोटो-३ मध्ये महिंद्राला मात देणाऱ्या गाड्यांपैकी कित्येक केटीएमच्याच होत्या: २०१२, २०१३ आणि २०१६ ची स्वारांची अजिंक्यपदे केटीएमवर जिंकली गेली, आणि त्यांतील शेवटचा विजेता होता तो स्वतःचा पहिला पोडियम महिंद्रावर मिळवलेला बाइंडर. त्यानेच ऑगस्ट २०२० मध्ये ब्रनो येथे केटीएमला मोटोजीपीतील पहिला विजय दिला.

ही वाटही निर्धोक ठरली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न विकलेल्या गाड्यांच्या साठ्याखाली आणि कर्जाखाली दबलेल्या केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली, आणि रेसिंगवरील खर्च धनकोंच्या छाननीखाली आला. २०२५ मध्ये बजाजने सुमारे ८० कोटी युरोंची तजवीज करून कंपनी तगवली आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तिचा ताबा घेतला, त्यामुळे मोटोजीपीतील एका कारखाना-संघाच्या खर्चाचा अंतिम निर्णय आता आकुर्डीत होतो.